वरून टाकलेला भंडार

‘सगळं गाव’ हे दोन शब्द कोणी एका दमात म्हटले की मी खुर्चीत चुळबुळ करू लागतो. परवाच्या कार्यक्रमात तेच झालं. मिरजगावपासून तासाभराच्या पायवाटेवर एक गाव आहे, त्याच्या माळावर करंजाच्या सावलीत मांडव घातला होता आणि मला शाल-नारळ देऊन पहिल्या रांगेत बसवलं होतं. भाषण करणारा तरुण गडी चांगला होता. तो म्हणाला, “बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या गावानं ही झाडं जगवली.” टाळ्या पडल्या आणि मी उठून चालू लागलो. नारळ खुर्चीखाली तसाच राहिला. माळाच्या कडेला घायपाताची रांग अजून उभी आहे, तिथपर्यंत जाऊन आलो तेव्हा आभारप्रदर्शन चाललं होतं. बायको म्हणाली, “तुम्हाला कुठे स्वस्थ बसवतं का हो?”

नाही बसवत. तेव्हाही बसवत नव्हतं.

मी मूळचा बेलापूरचा. आमच्याकडे पाटाचं पाणी, उसाचे फड, आणि उन्हाळ्यातसुद्धा बांधावर ओल. वनखात्यात नोकरी लागली आणि नगरच्या साहेबांनी मला पाठवलं थेट कर्जत तालुक्याच्या कोरड्या अंगाला. वय तेवीस. नाकावर राग आणि पायाला भिंगरी. शिपायाच्या वरची आणि साहेबाच्या खालची अशी ती नोकरी होती, पण गावात खाकी विजार घालून गेलो की लोक मला ‘जंगलसायब’ म्हणायचे. आजूबाजूला जंगल कुठेच नव्हतं. होता तो गावाच्या गायरानाचा माळ. त्यावर दगड, कुसळं आणि एका कोपऱ्यात घायपाताचं बेट. या माळावर झाडं लावून जगवायची, एवढं माझं काम.

खड्डे झाले, चर खोदून झाले, रोपवाटिकेतून लिंब, करंज आणि शिसवाची रोपं बैलगाडीने आली. राहिलं कुंपण. काटेरी तारेसाठी मी नगरला पत्रांवर पत्रं लिहिली. शेवटी स्वतःच जाऊन साहेबांपुढे उभा राहिलो. साहेब फाईलीतून मान वर न करता म्हणाले, “तार नाही. गावालाच कुंपण करा. गावाचं सहकार्य घ्या आणि तसा अहवाल पाठवा.” मी परतीच्या एसटीत वाटभर दात-ओठ खात बसलो. गावाला कुंपण करायचं म्हणजे माणसं हातात हात धरून माळाभोवती उभी करायची की काय?

तोड पाटलांनी काढली. पाटील साठीचे, कमी बोलणारे. ते म्हणाले, “सायब, तार एक येळ कुनी तोडंल. बेलभंडार कुनी तोडनार न्हाई. घरटी एक मानूस खंडोबाच्या देवळात बोलवू. एकदा ज्यानं भंडार उचलला, त्यो माळावर जनावर घालनार न्हाई.”

मला ते फार आवडलं. एक तर फुकट होतं, आणि दुसरं म्हणजे लगेच होण्यासारखं होतं. ठरल्या दिवशी सकाळी देवळात माणसं जमली. गुरवाने पितळी ताटात भंडार ओतला होता, वर बेलाची पानं ठेवली होती. एकेकाने पुढे यायचं, ताटातून चिमूटभर हळद आणि एक पान स्वतःच्या हाताने उचलायचं आणि म्हणायचं, “माळावर जनावर घालनार न्हाई.” पाटलांनी उचलला, कुणब्यांच्या घरांनी उचलला, सुतार-न्हाव्यांनी उचलला. मुलाणीसुद्धा आला. गावाच्या प्रत्येक कामात त्याचा मान असायचा. त्याने पायरीवर वहाणा काढल्या, भंडार उचलला आणि कपाळाला लावला. मी खांबाला टेकून उभा होतो, म्हणजे खरं तर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो, कारण मला मिरजगावच्या टपालात अहवाल टाकायचा होता. तो मी तिथेच देवळाच्या ओट्यावर बसून लिहिला. ‘संपूर्ण गावाने शपथ घेतली आहे.’ संपूर्ण या शब्दाखाली रेघही ओढली.

त्यानंतर एकच बरा पाऊस झाला. त्याच्यावर आम्ही रोपं लावली आणि मग आभाळाने जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. श्रावण कोरडा, भादवा कोरडा. विहिरींचे तळ दिसू लागले. गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली आणि मी माळावर येरझाऱ्या घालू लागलो. सकाळी एक फेरी, दुपारी एक, संध्याकाळी एक. रोपाजवळ वाकायचं, पान चुरगळून बघायचं, पुढच्या रोपाकडे जायचं. पाणी थोडं होतं, तेही लांबून आणलेलं, मडक्याच्या बुडाला भोक पाडून थेंबथेंब दिलेलं. माझ्या फेऱ्यांनी रोपांना काडीचा फायदा होत नव्हता, हे मला कळत होतं. पण खोलीवर बसलं की जीव गुदमरायचा. झाडं मेली तर आपण नगरला काय तोंड दाखवणार, हा एकच किडा डोक्यात वळवळत होता. गाव कसं जगतंय याचा विचार मी त्या मानाने कमीच केला. आज ते लिहायला लाज वाटते.

शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात सकाळच्या फेरीला गेलो तर शिसवाची अख्खी ओळ बोडकी झालेली. लिंबाचे शेंडे खुडलेले. करंजाला तेवढं तोंड लावलं नव्हतं. खाली लेंड्या ताज्या होत्या आणि चराच्या पलीकडे चार शेळ्या निवांत उभ्या होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काठी घेऊन त्यांच्यामागे धावलो, तेवढ्यात घायपाताच्या बेटाआडून एक म्हातारी ओरडत आली. लुगड्याचा काष्टा, हातात विळा, डोक्यावर पात्यांचा भारा.

“मारू नगा, सायब! म्या नेते!”

“नेते काय, नेते? तुझ्या शेळ्या ना या? बघितलंस काय केलं ते?” मी तिच्या वयाचा विचारही केला नाही. चारही शेळ्या हाकत गावात आणल्या आणि चावडीमागच्या कोंडवाड्यात घातल्या. तीन दिवसांत सोडवल्या नाहीत तर लिलाव, असा नियम होता. कडी लावली तेव्हा मला फार बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी काहीतरी पूर्ण केल्यासारखं.

दुपारी पाटलांनी देवळापुढे माणसं बोलावली. माणसं ओट्यावर बसली. म्हातारी खाली, पायऱ्यांपासून दहा हात लांब, उन्हात उभी राहिली. ती ओढ्यापलीकडच्या वस्तीतली होती. दोरखंड आणि केरसुण्या करणाऱ्या सात घरांची ती वस्ती. गावाच्या प्रत्येक मोटेचा नाडा, प्रत्येक बैलाचा कासरा त्यांच्या हातचा, पण देवळाची पायरी त्यांना नव्हती.

पाटील म्हणाले, “म्हातारे, गावानं भंडार उचलला. तू मोडलास. देवाचा कोप सगळ्या गावावर यील.”

म्हातारीने पदर नीट केला. घाबरली असावी, पण आवाज चढा नव्हता. “भंडार मोडाया आदी उचलावा लागतो, पाटील. आमाला कवा बोलवलं हुतं?”

ओट्यावरून एक जण पुटपुटला, “तुमाला देवळात कसं बोलवायचं?”

“तेच म्हंते मी,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. “सायब, तुमी नगरला कागुद लिवला म्हनं, सगळ्या गावानं शप्पथ घेतली. त्या सगळ्या गावात आमी येतो का न्हाई, येवढं सांगा. येत असू तर काय ती शिक्षा द्या. येत नसू तर शेळ्या सोडा. दोन शेळ्या दुभत्या हायेत. माजी लेक खडी फोडाया जाती, तिला अंगावर दूध न्हाई, पोर शेळीच्या दुधावर हाय.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी “उद्या सकाळी सांगतो” म्हणालो आणि तिथून अक्षरशः पळ काढला. जाताना मुलाणी कोंडवाड्याच्या भिंतीपाशी दिसला. दुभत्या शेळ्यांचं दूध काढून त्याने लोटा ओढ्यापलीकडे पाठवला, हे मला मागाहून कळलं. मला ते सुचलं नव्हतं.

ती दुपार मी कशी काढली ते माझं मला माहीत. माळावर गेलो, परत आलो. अहवालाची नक्कल काढून वाचली. ‘संपूर्ण’ खालची रेघ जाड होती. खोटं लिहायचं म्हणून मी लिहिलं नव्हतं. त्या सकाळी देवळात उभा राहून मी माणसं पाहिली आणि मला ती पुरी वाटली होती. कोणी कमी आहे, असं मनाला शिवलंही नव्हतं. आमच्या बेलापुरातही अशीच वस्ती होती, असाच ओढा नव्हे पण पाटाचा चर मध्ये होता, आणि तिथेही ‘सगळं गाव’ म्हणताना कोणी चर ओलांडत नव्हतं. हा राग आता कोणावर काढायचा? साहेबांवर काढून बघितला, पाटलांवर काढून बघितला. तो फिरून माझ्याकडेच येत होता.

उन्हं कलायच्या आत मी ओढा ओलांडला. गावात येऊन मला वर्ष होत आलं होतं आणि त्या बाजूला मी पहिल्यांदाच जात होतो. दोन कुडांच्या मध्ये बांबू आडवा टाकला होता आणि त्यावर नवेकोरे नाडे टांगले होते, वेटोळी घालून, धूळ खात. मी विचारलं, “हे विकले नाहीत?”

म्हातारी दारात वाख पिंजत बसली होती. घायपाताची पाती ठेचून, खरवडून काढलेला तो पांढरा वाख. मान वर करून म्हणाली, “हिरीच आटल्या, सायब. मोट चालंना, नाडा कोन घील? जनावरं छावनीत गेली, कासरा कोन घील?” मग म्हणाली, “पानी इचारत न्हाई तुमाला. तुमी घेनार न्हाई. उगं दोघांची पंचाईत.”

मला तहान लागली होती. घसा कोरडा पडला होता. “द्या की” असं मी म्हणायला हवं होतं. मी नाडे बघत राहिलो.

कुडाच्या आत पोर रडत होतं. मी विचारलं, “शेळ्या माळावर का घातल्या? छावणी आहे ना?”

“छावनी गाई-बैलांची. शेळी घेत न्हाईत.” तिने वाखाचा पेड मांडीवर वळायला घेतला. “आन् माळावर आमी काय आज जातो व्हय? ते घायपाताचं बेट माज्या सासऱ्यानं लावल्यालं. तुमी माळ बंद क्येला तवा कुनी सांगितलं न्हाई का पाती कापायची का न्हाई. आमी भीतभीत जातो. शेळ्या मागं येत्यात.” मग जरा हसली. “तार न्हाई, तार न्हाई म्हनून तुमी वरीसभर नाचताय. गावात सगळ्यांना ठावं. त्या बेटाखाली घायपाताची पिल्लं किती हायेत, मोजा जाऊन. कडंकडंनं लावली तर पान्याचा थेंब मागनार न्हाईत. दोन वरसांत म्हैस आत शिरनार न्हाई. पाती आमी कापू, तुमचं कुंपन ऱ्हाईल.”

साऱ्या नगर जिल्ह्यात मी तार शोधत फिरलो होतो आणि कुंपण माझ्या येरझाऱ्यांच्या वाटेवर उगवलेलं होतं. “हे आधी का नाही सांगितलंत, मावशी?” मी म्हणालो. मावशी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा तोंडातून आला.

“इचारलं कुनी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळापुढे उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. सावकाश बोललो असतो तर धीर खचला असता. म्हणालो, “मी लिहिलं ते चुकीचं आहे. ओढ्यापलीकडची सात घरं शपथेत नव्हती. त्यांनी काही मोडलेलं नाही. शेळ्या सोडा.” ओट्यावर कुजबुज सुरू झाली. एकाने विचारलं की मग आमची झाडं गेली त्याचं काय. पाटील बराच वेळ मिशीवरून हात फिरवत होते. शेवटी म्हणाले, “सोडा.”

शेळ्या सुटल्या. म्हातारीने त्यांच्या गळ्यात दावी अडकवली, पण ती गेली नाही. “आता आमाला बी भंडार द्या,” ती म्हणाली. “झाडं मेली तर उद्या पुना आमच्याच नावानं शिमगा हुईल. सात घरं भंडार उचलतो. शेळी आत जानार न्हाई. घायपात आमी लावू, पाती आमी कापू. पर मानूस मोजायचं तर समद्यात मोजा.”

देवळात ते शक्य नव्हतं आणि तसं तिने मागितलंही नव्हतं. माळावर जायचं ठरलं. पुढे पाटील, मागे पितळी ताट घेतलेला गुरव, मग ओट्यावरची माणसं आणि बऱ्याच अंतराने ती सात घरं. बायका जास्त, कारण पुरुष खडीवर गेले होते. म्हातारीने शेळ्या माळाच्या अलीकडेच बांधल्या. माळावर वारा सुटला होता. खाल्लेल्या शिसवाच्या ओळीपाशी सगळे थांबले.

गुरव पाटलांकडे बघू लागला. पाटलांनी ताट घेतलं आणि तसंच माझ्याकडे दिलं. “तुमीच द्या, सायब. काम सरकारचं हाय.”

कारण मला कळलं. देवळात प्रत्येकाने ताटातून स्वतः उचलला होता. ताट देवाचं. त्यात हिचा हात गेला तर ते बाटणार. कोणी काही बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं की भंडार द्यायचा तो वरून. आणि मी, कालपासून स्वतःवर चिडलेला, सकाळी भाषण ठोकून छाती थोडी पुढे आलेला मी, डाव्या हातात ताट धरलं, उजव्या हाताने चिमूट घेतली, आणि माझा हात तिच्या तळहाताच्या वर वीतभर थांबला. मी थांबवला नाही. तो आपोआप थांबला, घरी लहानपणापासून थांबत आला होता तसा. मी चिमूट सोडली.

वाऱ्याने ती तिथल्या तिथे उडवून नेली. पिवळी रेघ हवेत दिसली आणि गेली. तिच्या तळहातावर कणही पडला नाही.

म्हातारी तळहाताकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. “न्हाई आला, सायब.”

मी पुन्हा चिमूट घेतली. पुन्हा वरूनच. पुन्हा वाऱ्याने नेली. मागून कोणीतरी हसलं. माझे कान तापले.

“सायब,” ती हळूच म्हणाली. तिचं बोलणं फक्त मला ऐकू यावं असं होतं. “भंडार उचलला म्हंत्यात. टाकला म्हनत न्हाईत. असा टाकल्याला मी कसा उचलू?”

त्या क्षणी मला तिचा राग आला, हेही सांगून टाकतो. इतकं केलं हिच्यासाठी, आणि हिला अजून पाहिजेच आहे. आणि मग ओठांवरून जीभ फिरवली तेव्हा लक्षात आलं की कालची तहान अजून तशीच आहे. ते न मागितलेलं पाणी. मी दोन्ही हातांनी ताट धरलं आणि तिच्यापुढे केलं, तिच्या कमरेपर्यंत, तिला सहज हात घालता येईल असं.

गुरव ओरडला, “सायब, ताट!”

तिने हात घातला. वाख वळून वळून चरे पडलेली बोटं भंडारात बुडाली. तिने चिमूट उचलली, बेलाचं पान उचललं आणि मोठ्याने म्हणाली, “माळावर जनावर घालनार न्हाई.” मग बाकीची सहा घरं आली. एकेकीने ताटात हात घातला. खडीवर खाडा करून आलेल्या म्हातारीच्या लेकीने कडेवरच्या पोराचाही हात लावला. मी जागचा हललो नाही. माझ्या आयुष्यात इतका वेळ मी क्वचितच एका जागी उभा राहिलो असेन.

झालं तेव्हा मी ताट गुरवाकडे केलं. त्याने दोन पावलं मागे घेतली आणि हात उपरण्यात लपवले. मी पाटलांकडे केलं. पाटील माळाच्या टोकाकडे बघू लागले. ओट्यावरची माणसं होती तिथेच होती. वाऱ्याने उरलेला भंडार ताटातून उडत होता, माझ्या खाकी सदऱ्यावर बसत होता.

“आता लिवा की, सायब,” म्हातारी म्हणाली. “सगळं गाव.”

वही खिशात होती. पण माझे दोन्ही हात ताटाला गुंतलेले आणि ते घ्यायला कोणीच पुढे येईना. तिने ते पाहिलं. हातातलं बेलाचं पान लेकीकडे दिलं, पदराला हात पुसले आणि दोन्ही हात पुढे केले.

“आना हिकडं. मी धरते, तुमी लिवा.”

मी देवाचं ताट तिच्या हातात दिलं, वही काढली, आणि ‘संपूर्ण’ हा शब्द काही मला पुन्हा लिहिता आला नाही. मी ओढ्यापलीकडची सात घरं लिहिली. खाली लिहिलं की बाकीचं गाव अजून यायचं आहे.